लेथवरचा दिवा

दिवाळी अंकात दिव्याबद्दल लिहायचं तर पणती, आकाशकंदील, फार तर वसुबारसेच्या संध्याकाळचं तुळशीवृंदावन. पण संपादकांनी "या वर्षी काहीतरी वेगळं द्या हो, दरवर्षी तुम्ही आयटीतले लोक आयटीवरच लिहिता" असा दम भरल्यामुळे मी एका वेगळ्याच दिव्याबद्दल लिहितोय. हा दिवा लोखंडी हाताच्या टोकाला असतो, तेलाने माखलेला असतो, आणि त्याच्या उजेडात कोणी आरती करत नाही. हा लेथ मशीनवरचा दिवा.

सुरुवात आमच्या गॅरेजपासून करतो. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला आमचं घर आहे आणि इथल्या रिवाजाप्रमाणे गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यात मी एक सेकंडहँड लेथ आणून ठेवलं. मायफोर्ड कंपनीचं, नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये बनलेलं, वयाने माझ्यापेक्षा मोठं. इंग्लंडमध्ये घरच्या घरी छोटी वाफेची इंजिनं बनवणाऱ्या हौशी मंडळींचा एक मोठा पंथ आहे आणि त्यांच्यासाठी मायफोर्ड म्हणजे आपल्याकडच्या बुलेटसारखं. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "याच्यावर नक्की काय बनवणार आहेस?" त्याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. खरं कारण वेगळं आहे. माझे बाबा टर्नर होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी एकतीस वर्षं लेथ चालवलं, आणि मी कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन आयुष्यभर कीबोर्ड बडवला. हाताला तेल लागावं असं कुठेतरी वाटत होतं.

लेथ आलं, बसवलं, लेव्हल केलं. मग लक्षात आलं की गॅरेजच्या छतावरच्या दिव्यात काही म्हणजे काही दिसत नाही. उजेड भरपूर, पण जॉबवर वाकलो की माझ्याच डोक्याची सावली नेमकी टूलच्या टोकावर. म्हणून दिवा शोधायला लागलो. साधं काम, एका संध्याकाळचं. ते पुढे आठ महिने चाललं, कारण मी या दिव्याच्या इतिहासात शिरलो आणि त्या इतिहासातून बाहेर पडताना आमच्या घरातल्या एका जुन्या गोष्टीपाशी येऊन पोचलो.

आधी थोडं मागे जाऊ. लेथ ही फार जुनी वस्तू. आपल्याकडे सावंतवाडीची कातीव लाकडी खेळणी ज्यावर होतात त्याचंच हे चुलत भावंडं. पण लोखंड अचूक कातणारं, स्क्रू कापणारं आधुनिक लेथ लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास उभं केलं. अचूकता आली की उजेडाचा प्रश्न आलाच. खाट विणायला चांदणं चालेल, पण इंचाचा हजारावा भाग, ज्याला आमचे बाबा 'थाऊ' म्हणतात, तो मोजायचा तर दिसायला नको का? त्या काळात उपाय एकच, मशीन खिडकीशी लावायचं. घड्याळजी, कोरीवकाम करणारे, लेस विणणाऱ्या बायका, सगळे खिडकीशी बसत. अंधार पडला की मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवत. तो गोल भिंगाचं काम करी आणि मेणबत्तीचा उजेड बोटाएवढ्या जागेत गोळा होई. मला ही युक्ती फार आवडते. खोली उजळायची कोणालाच गरज नव्हती, सुईच्या टोकापुरता उजेड हवा होता. नंतरची दीडशे वर्षं लोक ही गोष्ट विसरले.

विसरले ते गॅसमुळे. स्कॉटिश इंजिनिअर विल्यम मर्डॉक हा बोल्टन आणि वॅट यांच्या वाफेच्या इंजिनांच्या कंपनीचा माणूस. त्याने १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरुथच्या आपल्या घरात दगडी कोळशाच्या गॅसवर दिवे लावले, आणि १८०२ मध्ये इथे आमच्या बर्मिंगहॅमला सोहो कारखान्यावर गॅसची रोषणाई करून दाखवली. पुढे १८०५ च्या सुमारास सॅलफर्डची एक मोठी कापड गिरणी गॅसने उजळली. उजेड स्वस्त झाला आणि त्याबरोबर रात्रही कामाला लागली. आतापर्यंत सूर्य मावळला की सुट्टी होत होती, आता मालक म्हणेल तेव्हा.

हेच शंभर वर्षांनी मुंबईत झालं. गिरणगावातल्या गिरण्या सूर्योदय ते सूर्यास्त चालत, म्हणजे हिवाळ्यात दिवस लहान, कामही कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०५ च्या आसपास, गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास चौदाच्या पुढे गेले. गिरणी कामगार खवळले, वर्तमानपत्रांत टीका झाली, सरकारने आयोग नेमला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांमधल्या पुरुष कामगारांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. बारा तास! आपण इथे शुक्रवारी साडेचारला लॅपटॉप मिटतो. दिव्याने माणसाची रात्र कशी नेली हे वाचायचं तर कोकणातून मुंबईला गेलेल्या आपल्याच आज्या-पणज्यांच्या हकिगती ऐकाव्यात.

त्या गिरण्यांची करवतीच्या दातांसारखी छपरं तुम्ही पाहिली असतील, लोअर परळला अजून काही शिल्लक आहेत. ते दात शोभेचे नव्हते. काचेची बाजू उत्तरेकडे ठेवायची, म्हणजे ऊन थेट आत येत नाही, पण उजेड दिवसभर एकसारखा राहतो. मँचेस्टरला हेच, मुंबईला हेच. चित्रकारांच्या स्टुडिओलाही उत्तरेची खिडकी लागते ती याच कारणासाठी.

पण छपरातून येणारा उजेड लेथपर्यंत पोचायचा कसा? त्या काळात प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर नव्हती. छताखालून एक लांबलचक शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे एकेका मशीनवर उतरायचे. वर बघितलं की पट्ट्यांचं जंगल. त्यातून उजेड गाळून यायचा आणि प्रत्येक पट्ट्याची हलती सावली कामावर. विजेचे बल्ब आले तेही वायरला लोंबकळणारे. कामगार मग दोरी बांधून बल्ब आपल्या बाजूला ओढून घ्यायचे. ही दोरी म्हणजे कामगाराने स्वतः बनवलेला पहिला दिव्याचा हात असं मी मानतो. त्याआधी गॅसच्या नळ्यांना सांधे लावून त्या भिंतीतून हव्या तशा वळवायची सोय काही ठिकाणी होती, पण सांध्यातून गॅस गळण्याची भीती!

पहिल्या महायुद्धानंतर एकाच दशकात दोन देशांत तिघांनी या दोरीवर उपाय शोधला. जर्मनीत थुरिंगियामधल्या आउमा गावी कुर्ट फिशर या कारखानदाराने १९१९ मध्ये कात्रीसारखा लांब होणारा भिंतीवरचा दिवा केला. कामगारांच्या कामावर त्यांच्याच हाताची सावली पडते ही त्याची तक्रार होती. त्याचे 'मिडगार्ड' दिवे पुढे डेसाऊच्या प्रसिद्ध बाउहाउस संस्थेतही वापरले गेले. फ्रान्समध्ये बेर्नार-आल्बँ ग्रासने १९२१ मध्ये आणि एदुआर-विल्फ्रिड ब्युकेने १९२७ मध्ये आपापले दिवे काढले. ब्युकेचा दिवा दिसायला देखणा, त्याचा तोल वजनांनी सांभाळलेला. पण वजन म्हणजे अडचण. लेथवर हात फिरवताना मागे एक लोखंडी गोळा झुलत असेल तर कोपर फुटणारच.

आणि मग इंग्लंडच्या बाथ गावातला जॉर्ज कारवर्डाइन.

या गृहस्थांवर मी जरा रेंगाळणार आहे. हा मोटारगाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणारा इंजिनिअर, बाथच्या हॉर्स्टमन मोटार कंपनीत होता. सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंगा, आणि स्प्रिंगा हे या माणसाचं वेड. तो ज्या प्रश्नामागे लागला तो असा. घरी करून बघा. पाण्याने भरलेली कळशी हात जमिनीला समांतर लांब करून धरा. दहा सेकंदात खांदा भरून येतो. तोच हात खाली सोडा किंवा सरळ वर उचला, तितका ताण येत नाही. कळशी तीच, वजन तेच, पण कोन बदलला की खांद्यावरचा भार बदलतो. आता दिव्याचा हात कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच राहायला हवा असेल, तर स्प्रिंगचा जोरही कोनाबरोबर नेमका तेवढाच बदलायला पाहिजे. जास्त नाही, कमी नाही. साधी स्प्रिंग लावली तर दिवा एक तर वर उडतो किंवा मान टाकतो.

कारवर्डाइनने स्प्रिंगा अशा जागी अडकवल्या की हात खाली येताना स्प्रिंग जितकी ताणली जाते आणि ज्या कोनातून ओढते, त्या दोन्हींचा गुणाकार त्या क्षणी हाताच्या भाराशी जुळतो. म्हणजे घर्षणाने दिवा अडवून ठेवलेला नाही, तो खरोखरच तोललेला आहे. एका बोटाने ढकला, हलतो. सोडा, थांबतो. त्याने १९३२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. नाव 'इक्विपॉइज' ठेवायचं होतं, पण तो भाषेतला जुनाच शब्द असल्यामुळे नोंदणी मिळेना, म्हणून 'अँगलपॉइज'. आज लोक तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर ठेवतात, पण कारवर्डाइनच्या डोळ्यांसमोर आधी होतं वर्कशॉप. पहिला नमुना चार स्प्रिंगांचा, कामाच्या जागेसाठी. घरात शोभेल असा तीन स्प्रिंगांचा १२२७ नंबरचा दिवा १९३५ मध्ये आला.

स्प्रिंगा बनवून दिल्या रेडिचच्या हर्बर्ट टेरी अँड सन्सने, आणि नंतर दिवेही त्यांनीच बनवले. रेडिच आमच्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर. एका शनिवारी मुलाला घेऊन तिथलं सुयांचं म्युझियम बघायला गेलो. हो, सुयांचं. एकोणिसाव्या शतकात हे छोटं गाव जगभरासाठी सुया बनवत होतं. सुईसाठी तार ओढायची कला आली, तारेतून स्प्रिंग आली, आणि स्प्रिंगमधून दिवा. याच गावात रॉयल एन्फिल्डची बुलेट जन्मली आणि १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागली. मुलाला दिव्यात काडीचाही रस नव्हता, पण बुलेटचं ऐकल्यावर त्याने रेडिचकडे जरा आदराने पाहिलं.

पुढची हकीगत मजेची. नॉर्वेच्या जाक याकोब्सेन या माणसाला इंग्लंडहून आलेल्या कापडाच्या मशीनांबरोबर अँगलपॉइज मिळाला. त्याला तो इतका आवडला की त्याने हक्क मिळवले आणि १९३७ मध्ये आपला 'लक्सो' दिवा काढला. पुढे १९८६ मध्ये जॉन लॅसेटरने आपल्या टेबलावरच्या अशाच दिव्याला जिवंत करून पिक्सारची 'लक्सो ज्युनियर' ही दोन मिनिटांची फिल्म केली. आमच्या पिढीच्या कॉम्प्युटरवाल्यांना ती फिल्म माहीत नाही असं होणार नाही. पण तिच्यात नवं काय होतं ठाऊक आहे का? सावली. हलत्या दिव्याची सावली कॉम्प्युटरने बरोबर पाडून दाखवणं, दिव्याची सावली दिव्याच्याच अंगावर पाडणं, हे त्या वेळी अवघड काम होतं. कुर्ट फिशर १९१९ मध्ये कामगाराच्या हाताची सावली घालवायला निघाला आणि १९८६ मध्ये त्याच जातीच्या दिव्याकडून लोकांनी सावली पाडून घेतली. मी हा योगायोग ऑफिसात लंचला सांगितला, कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

आणखी एकाचं नाव घेतो आणि मूळ मुद्द्याकडे वळतो. ल्योंचा मेकॅनिक जाँ-लुई दोमेक. त्याच्या वर्कशॉपातल्या दिव्यांच्या वायरी सांध्यापाशी सारख्या तुटायच्या. म्हणून त्याने १९५० मध्ये असा दिवा केला ज्याच्या सांध्यांतून वायर जातच नाही, सांधाच वीज पुढे नेतो. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'जीएल्दे'. फिशर, कारवर्डाइन, दोमेक, तिघांनीही कारखान्यातली अडचण बघूनच हे दिवे केले.

आता ट्यूबलाइट.

अमेरिकेत १९३८ मध्ये ट्यूबलाइट बाजारात आली आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांनी ती उचलून धरली. कमी विजेत जास्त उजेड, उष्णता कमी, आणि लांब नळी असल्यामुळे सावली बोथट. कारखानदाराला आणखी काय हवं? पण ट्यूबलाइट सलग पेटत नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते, आणि जुन्या चोकवाली ट्यूब त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही. पिवळ्या बल्बची तार तापलेली असते, मधल्या क्षणात ती थंड व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून बल्ब जवळजवळ सलग जळतो. ट्यूब खरोखर लुकलुकते.

आता समोर एखादी फिरती वस्तू ठेवा. शंभराव्या सेकंदाला एकदा उजेड पडतोय आणि तेवढ्या वेळात वस्तू नेमकी अशा जागी येतेय की ती आधीसारखीच दिसावी, तर ती थांबलेली दिसेल. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरतात ना, तेच. कॉलेजात सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरात मी याच्यावर चार मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, त्याला एलियासिंग म्हणतात. मार्क मिळाले, विषय संपला.

गेल्या वर्षी दिवा निवडताना लेथच्या सुरक्षेबद्दल वाचत होतो. तिथे हेच आलं, ट्यूबखाली फिरतं मशीन थांबल्यासारखं दिसू शकतं. सहज कागद घेतला. तीन जबड्यांचा चक, मिनिटाला दोन हजार फेरे, शंभराव्या सेकंदात एक तृतीयांश फेरा, थांबलेला दिसणार. ठीक. पण दोन हजारावर मोठं लेथ कोण चालवतं? मग डोक्यात आलं, षटकोनी सळई. सहा बाजू. एक षष्ठांश फेरा झाला की ती परत तशीच दिसते. शंभराव्या सेकंदात एक षष्ठांश म्हणजे मिनिटाला हजार फेरे. पितळ कातायला हजार हा अगदी रोजचा वेग.

पेन खाली ठेवलं.

१९९४ साल, मी पहिलीत. बाबा ज्या वर्कशॉपात होते तिथे ऑइल इंजिनाचे सुटे भाग होत. त्या दिवशी ते पितळी षटकोनी सळईचे नट काढत होते. प्रत्येक लेथवर एक पिवळ्या बल्बचा दिवा असायचा, त्यांच्या लेथवरचा आठवडाभर आधी गेला होता आणि नवा आला नव्हता. डोक्यावर ट्यूब होती, उजेड होता, काम चालू होतं. शेजारी चार-पाच लेथ घरघरत होते, त्यामुळे स्वतःच्या मशीनचा आवाज वेगळा कळत नव्हता. त्यांना वाटलं दांडा ओढलाय, मशीन बंद आहे. हातात कॉटन वेस्टचा बोळा घेऊन सळईचं टोक पुसायला गेले. बोळा गुंडाळला गेला. उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं.

मालक दवाखान्यात आले, बिल भरलं, वाईट वागले नाहीत. पण तेव्हापासून बाबा एकच वाक्य सांगत आले, "मला ते थांबलेलं दिसलं होतं." आणि लोक एकच उत्तर देत आले. फोरमन म्हणाला, झोप लागली असेल. काका म्हणाले, घरची काळजी डोक्यात असेल. आई काही म्हणायची नाही, पण तिलाही वाटायचं की लक्ष नव्हतं. मीसुद्धा, इंजिनिअर झाल्यावर, एकदा म्हणालो होतो, "बाबा, फिरतं मशीन थांबलेलं कसं दिसेल?" ते वाक्य मला आता नको वाटतं. मग काही वर्षांनी त्यांनीही सांगायचं सोडलं. विचारलं तर म्हणायचे, "माझंच लक्ष नव्हतं."

एक शंका मला होती. आपल्याकडे त्या काळी विजेची फ्रीक्वेन्सी कुठे स्थिर होती? पन्नासची कधी एकोणपन्नास व्हायची. मग हा जमून आलेला हिशोब टिकेल कसा? टिकतो, कारण मोटरही त्याच विजेवर फिरते. फ्रीक्वेन्सी खाली गेली की ट्यूबचं लुकलुकणं मंदावतं आणि मोटरही तेवढीच मंदावते. दोघं हातात हात घालून घसरतात. लोडप्रमाणे मोटर थोडी मागे पडते, त्यामुळे सळई अगदी स्थिर न दिसता हळूच सरकल्यासारखी दिसेल, बंद केलेलं मशीन शेवटचं रेंगाळतं तशी. म्हणजे फसायला आणखीच सोपं.

यावर उपाय तेव्हाही माहीत होते. शेजारशेजारच्या ट्यूब वीजपुरवठ्याच्या वेगवेगळ्या फेजवर लावायच्या, म्हणजे एक मंद असताना दुसरी तेज असते. किंवा दोन ट्यूबांच्या जोडीत एकीला कपॅसिटर घालून तिचं लुकलुकणं पुढे-मागे करायचं. आणि सगळ्यात सोपा उपाय, प्रत्येक मशीनवर एक पिवळा बल्ब. लेथ बनवणाऱ्या कंपन्या मशीनवर चोवीस व्होल्टचा छोटा दिवा देत तो उगाच नाही. कमी व्होल्टेजच्या बल्बची तार जाड असते, ती आणखी सलग जळते, आणि कूलंटचं पाणी उडालं तरी झटका बसत नाही. तो दिवा फक्त उजेडासाठी आहे असं समजून आपल्याकडे कित्येक ठिकाणी तो गेला की तसाच राहायचा. वर ट्यूब आहे की!

मी बाबांना फोन केला. रविवार होता, ते नुकते तालमीसमोरच्या कट्ट्यावरून आले होते. सगळा हिशोब सांगितला, सेकंदाला शंभर, सहा बाजू, हजार फेरे. ते ऐकत होते. मग विचारलं, "म्हंजे लेका, ते दिसतं तसं?" मी म्हटलं, "दिसतं बाबा. तुम्हाला दिसलं ते खरं होतं." पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग आईला हाक मारलेली ऐकू आली, "अगं ए, हिकडं ये. ह्यो काय सांगतोय ऐक."

आता दिव्याचं सांगतो, कारण शेवटी मी दिवा घ्यायला निघालो होतो. पिवळे बल्ब युरोपात २००९ ते २०१२ च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने बंद झाले, नंतर हॅलोजनही गेले. राहिलं एलईडी. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल २०१४ चं नोबेल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळालं आणि ते योग्यच होतं, पण स्वस्तातले एलईडी दिवे जुन्या ट्यूबपेक्षाही जोरात लुकलुकतात, हे खोक्यावर कोणी छापत नाही. मी दोन दिवे आणून परत केले. तपासायची युक्ती सोपी आहे, दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवा. एकसारखा पुसट पंखा दिसला तर दिवा चांगला, पंख्यात वेगवेगळ्या पेन्सिली मोजता आल्या तर तो दिवा लेथपाशी नको. घरातल्या सगळ्या दिव्यांखाली मी पेन्सिल हलवत फिरलो, बायकोने त्याचा व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तो तुम्ही पाहिलाच असेल.

शेवटी एका कार बूट सेलमध्ये वीस पौंडांत जुना अँगलपॉइज सापडला, रंग उडालेला, टेरी कंपनीचा शिक्का असलेला. आतली जुनी वायर मूळ २३० व्होल्टची आणि फाटलेली, ती काढून टाकली. चोवीस व्होल्टचा सलग डीसी पुरवठा बाहेर भिंतीवर लावला आणि दिव्यात त्यावर चालणारा एलईडी बसवला. डिमर मुद्दाम ठेवला नाही, कारण बरेचसे डिमर दिवा भराभर चालू-बंद करूनच मंद करतात, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. दिव्याचा पाय मशीनवर न बसवता मागच्या भिंतीवर पक्का केला. चुंबकाचा पाय मिळतो, पण त्याला लोखंडाचा कीस दाढीसारखा चिकटतो. उजेड डोळ्यांच्या उंचीखालून, थोडा तिरका पाडतो. तिरक्या उजेडात पृष्ठभागावरची प्रत्येक रेघ उभी राहते, आणि टूल कुठे घासतंय ते हात लावायच्या आधी कळतं. साध्या गणिताने बघा, छतावरचा दिवा दोन मीटरवर आणि हा अर्ध्या मीटरवर असेल तर तेवढ्याच बल्बमधून कामावर सोळा पट उजेड मिळतो. पाण्याचा काचेचा गोल ठेवणाऱ्या लोकांना हे गणिताशिवाय माहीत होतं.

गेल्या महिन्यात सगळं जुळल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मुद्दाम पितळी षटकोनी सळई लावली होती. दिवा पेटवला, एका बोटाने खाली ओढला, सोडला, तो तिथेच थांबला. बाबांना तो प्रकार फार आवडला. "आमच्याकडं अस्ला एक बी नव्हता," म्हणाले. मग लेथ चालू केलं. माझ्या डोळ्यांना सळई छान गोल, पुसट, फिरताना दिसत होती. वेग हळूहळू बदलत गेलो, आणि मी सांगत होतो की बघा, या दिव्यात कशी नीट फिरती दिसते.

बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले. त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"बंद केलंस काय?"

"नाही बाबा, चालू आहे. तो फोनचा कॅमेरा आहे, तो पण तुकड्यातुकड्यानंच बघतो."

त्यांनी उजवा हात वर केला, ती आखूड तर्जनी कॅमेऱ्यापुढे आली. "मला थांबलेलं दिसतंय. हात लांब ठेव आदी."

मी हात मागे घेतला.